बांधलेला दात

सोलापूर,
ता. ५ डिसेंबर १९३४

चि. सौ. मायाक्कास बिरप्पाचा आशीर्वाद. हितं ठीक, तितलं कळवावं.

मला काय धाड भरली न्हाय. जेवतोय, झोपतोय, मिलच्या दरवाज्यावर उभा ऱ्हातोय, आन् कालच एका उशिरा आलेल्या कामगाराला चांगल्या चार शिव्या घातल्या. कुणी इचारलं न्हाय तरी आधी हेच लिवतो. कारण निघताना तू जो तमाशा केलास, त्यो अजून डोक्यातनं जात न्हाय. पोरगी निघाली दवाखान्याला, आन् तू गळ्यात पडून रडलीस माझ्या. "दादा, तुमी जपून ऱ्हावा. दादा, तुमी जपून ऱ्हावा." अगं, गाल सुजलाय अंबूचा. माझ्या गालाला काय झालंय? बाळंतिणीनं येवढं रडू नये म्हणत्यात, दूध आटतंय. बारक्याला जप आन् गप बस.

गोपाळ मास्तर, हे तुमीच वाचून दाखवणार. तर मोठ्यानं वाचा, आन् हाय तसं वाचा. माझं शिक्षान तिसरीपतोर. तुमच्यासारकं लिवता येत न्हाय, आन् आलं असतं तरी येवढा घोळ घातला नसता.

पंढरपूरपतोर गाडीनं आलो, तितनं रेल्वे धरली, कुर्डूवाडीला बदलली. अंबू पयल्यांदाच रेल्वेत बसली. पदर गालावर धरून सारखी खिडकीतनं डोकं भाईर. म्हणती, "मामा, मेंढरावानीच चालती की ही. म्होरलं जाईल तिकडं मागलं." मी म्हणलं, मेंढरं तिकीट मागत न्हाईत. मग हसली. हसताना एकच बाजू हलती तिची. तवा माझ्या ध्यानात आलं की ही पोरगी हसताना पदर का लावती.

दवाखान्यात समदीकडं औषधाचा वास. एक नर्सबाई हाय, सरोजिनीबाई. तिनं पयल्याच दिशी माझी तंबाखूची चंची काढून घेतली. डाक्टर तरणा हाय, यज्ञेश्वर नावाचा. उगं गोड बोलत न्हाय, म्हणून मला बरा वाटला. त्यानं अंबूच्या गालावर आंगठा ठेवला आन् हळूच दाबलं. मला म्हणाला, "ऐका." कान लावला तर आत कुरकुर वाजलं, अंड्याचं टरफल बोटाखाली मोडावं तसं. म्हंजी हाड येवढं पातळ झालंय.

"किती दिवसांची सूज?"

मी म्हणलं, "आत्ताची हाय. दसऱ्याला दिसली."

"तुम्हाला दिसली. झाली कधी?"

"मी सोलापुरात असतोय," म्हणलं.

त्यो अंबूकडं बघाया लागला आन् अंबू फरशीकडं. मग त्यानं तिचं तोंड उघडून आरसा घातला, एकेक दात बघितला. म्हणाला, "उजवीकडचा वरचा सुळा कुठाय? पडला?" अंबू म्हणाली, "दुधाचा पडला. दुसरा आलाच न्हाय."

मग सुई घालून पाणी काढलं. गोमुतराच्या रंगाचं, आन् त्यात अभ्रकावानी कायतरी चमकत हुतं. मागनं पू बी आला. तेवढ्यावर डाक्टर म्हणाला, मला अंदाज आलाय, पण फोटो काढू. हाडाचा फोटो निघतोय हितं. कातडं, मांस काय दिसत न्हाय, नुसतं हाड. काचंवर लावून दावला मला. गालाच्या हाडात ह्ये येवढं काळं गोल, आन् त्याच्या वरच्या कडंला एक दात. उफराटा, आडवा. वाळल्या भोपळ्यात एकच बी ऱ्हावी तसा.

आता आजार काय ते सांगतो, म्हंजी आळीतल्या बायकास्नी सांगायला तुला बरं. दात हाडात असतोय तवा त्याच्याभवती एक पिशवी असती. दात वर आला की ती फाटून जाती. ह्यो दात वर आलाच न्हाय, वाट चुकून आडवा पडला. मग पिशवीत पाणी भरत गेलं. फुगत फुगत तिनं नाकाकडचं हाड खाल्लं, डोळ्याच्या बुडापतोर गेली. गळू न्हवं, करणी न्हवं, किडकी दाढ न्हवं. डाक्टर म्हणाला, मुंबईला शिकत हुतो तवा असली एकदा बघितली, ती लिंबायेवढी हुती. अंबूची केवढी ते त्यानं सांगितलं न्हाय. मी बी इचारलं न्हाय.

शुक्रवारी कापणार. पू धरलाय म्हणून थांबता येत न्हाय. बापाची सही मागत हुते. ज्ञानबा मेंढरं घिऊन कऱ्हाडाच्या रानात, आई बाळंतीण, म्हणून सही मीच केली. मामा म्हणून.

अंबू डाक्टरला इचारती, "मग मला शीळ घालता यील का?"

"शीळ?"

मी म्हणलं, "मेंढरास्नी वळवायला. आमच्यात पोरी बी घालत्यात."

"येईल की," डाक्टर म्हणाला. "आता येत नाही का?"

"ओठ जुळत न्हाईत," अंबू म्हणाली. "तीन वर्सं झाली."

डाक्टरनं ते कागदावर मांडलं. तुला काय इचारत न्हाय. आता कापणार हाईत, म्हंजी झालं.

बिरप्पा


सोलापूर,
ता. ११ डिसेंबर

चि. सौ. मायाक्कास आशीर्वाद.

मी जिता हाय. ह्या खेपंला मुद्दाम लिवतोय, कारण आता मला समदं कळलंय.

शुक्रवारी अंबूला आत न्यायची येळ झाली. खाटंला चाकं असत्यात हितं, त्यावर घालून नेत्यात. दारापतोर गेली आन् माझं धोतर धरून बसली. सोडंचना. "मामा, दात नगा काढू. दात काढला की तुमी मरशीला." मी म्हणलं, पोरगी भेदरलीय, वाटंल ते बोलतीय. सरोजिनीबाई म्हणती, "आजोबा, बाजूला व्हा." मी म्हणलं, आजोबा कुणाला म्हणतीस, मामा हाय मी, जरा थांब.

मग अंबूनं सांगितलं. तान्ही असताना तिचा वरचा दात आधी आला. वरचा दात आधी आला की मामाच्या मुळावर, हे मला बी ठावं हाय, आपल्या आईच्या तोंडनंच ऐकलंय. आन् तू काय केलंस, तर तिला काखंत मारून देवऋषाकडं गेलीस. त्यानं काळ्या लोकरीचा दोरा मंतरला, बिरोबाच्या देवळात खिळ्याला बांधला आन् म्हणाला, भावावरचा दात बांधला. दुधाचा सुळा पडून दुसरा आला न्हाय, तवा तू नारळ फोडलास. आन् गाल सुजाया लागला तवा पोरीला म्हणालीस, पदर घे, कुणाला दावू नकोस, बांधलेला दात सुटायची धडपड करतोय, सुटला की मामावर जाईल.

तीन वर्सं. सोयरीक घिऊन आलेली माणसं तू दारातनं माघारी लावलीस, पोरीचं तोंड दिसू नये म्हणून. आन् मी वर्सातनं दोनदा यिऊन तुझ्या हातची भाकर खाऊन जात हुतो. मला एका शब्दानं इचारलंस का?

मिलमधी चार दिसाआड कुणाचं ना कुणाचं बोट पट्ट्यात जातंय. प्लेगात आपल्या घरची तीन माणसं गेली. त्यास्नी काय भाचीचे दात लागले व्हय? माणूस मरायचा तवा मरतोय. तू भाऊ राखायला निघालीस. कुणी सांगितलं हुतं तुला?

मास्तर, हितं ती रडाया लागली तर थांबा. पाणी द्या. मग म्होरलं वाचा.

मी अंबूला म्हणलं, "तुझ्या दातानं मरायला मी काय भाकरी हाय व्हय?" तशी ती हसली, त्या एकाच बाजूनं. आन् धोतर सोडलं. मग आत नेलं.

गालावर कापलेलं न्हाय. वरचा ओठ उचलून हिरडीच्या वरनं आत गेले, म्हंजी भाईरनं वण दिसणार न्हाय. पिशवी समदी सोलून काढली. एका जाग्यावर ती डोळ्याखालच्या पडद्याला चिकटली हुती, तितं लई येळ गेला म्हणं. पोकळीत औषधाची पट्टी भरून ठेवलीया, रोज थोडी थोडी वडून काढायची.

दात मला बशीत आणून दावला. बारका हाय. पांढरा सफेत, कुटं झिजलेला न्हाय, एकदा बी भाकर चावलेली न्हाय त्यानं. मी मागून घेतला. बंडीच्या खिशात हाय. कापडात बांधलेला न्हाय, मोकळा हाय. चंची न्हाय तरी सवयीनं हात जातोय, की बोटाला लागतोय. काय होत न्हाय.

डाक्टरला मी सरळ इचारलं, दोऱ्यानं दात अडकतोय का. त्यो हसला न्हाय. म्हणाला, "नाही. दोऱ्यानं काही होत नाही. हा दात मुळातच आडवा होता. दोरा बांधला असता काय, नसता काय, तो असाच राहिला असता." म्हंजी दात तुझ्यामुळं अडकला न्हाय. मास्तर, येवढं दोनदा वाचा. त्याच्या म्होरं डाक्टर आनखी कायतरी बोलला. ते हितं नगं.

बाकी बरं. ताप हाय थोडा. सांजच्याला हुडहुडी भरती, मी माझं घोंगडं घातलंय तिच्यावर. सरोजिनीबाई म्हणाली, घाण हाय ते, काढा. मी म्हणलं, तिच्या बापाच्या मेंढराची लोकर हाय, तुझ्या रगापरास सोवळी. मग तिनं काढलं न्हाय, वरनं चादर तेवढी घातली. दूध घोटभर जातंय. अंबू म्हणती, "मामा, दुधाचा कंटाळा आलाय, भाकर कालवून द्या." उजवा डोळा सुजलाय. सकाळधरनं डावा बी.

डाक्टरनं मला भाईर व्हरांड्यात नेलं हुतं. काय म्हणाला ते लिवायचं तर कागद संपलाय.

कऱ्हाडाकडं कुणी जाणारा असला तर ज्ञानबाला सांगावा धाडा. मेंढरं कुणाच्या तरी हवाली कर आन् सोलापूरला ये, म्हणावं. उगं. माझी रजा संपत आलीय म्हणून.

तू हलू नकोस. येवढ्याशा लेकराला घिऊन थंडीत निघालीस तर मी दारातनं माघारी लावीन.

बिरप्पा

मास्तर, कागद संपला न्हवता, तुमाला दिसतंच हाय. तिला दावू नका.


सोलापूर,
ता. २२ डिसेंबर

चि. सौ. मायाक्कास आशीर्वाद.

तार पोचली, ते मास्तरांच्या पत्रातनं कळलं. बरं झालं. ती ओळ मला परत लिवाया नगं.

तू इचारलंयस तर सांगतो. जेवढं सांगण्यासारकं हाय तेवढं.

पू रक्तात गेला, रक्तातनं डोळ्याच्या मागं, तितनं मेंदूत. त्याला अजून कुठल्याच मुलखात दवा निघाली न्हाय म्हणं. डाक्टरनं पट्ट्या काढल्या, परत धुतलं, सुया दिल्या, पुण्याच्या एका मोठ्या डाक्टरला इचारून घेतलं. माणूस घरी गेला न्हाय. शेवटी माझ्यापाशी बाकड्यावर यिऊन बसला, म्हणाला, "बिरप्पा, मला जमलं नाही." मी म्हणलं, तुमी तुमचं काम केलं, आता चा घ्या. दुसरं काय म्हणायचं असतंय मला ठावं न्हाय.

तरास झाला का, तर झाला. न्हाय म्हणत न्हाय. डोकं धरून कण्हत हुती. दोन्ही डोळे मिटलेले, उघडायचेच न्हाईत. शेवटल्या दिशी मातर तरास न्हवता, नुसती बडबडत हुती. मेंढरं हाकत हुती. पांडरी, कानफाटी, मोरी, येकेकीला हाक मारत हुती. कानफाटी मेली न्हवं गेल्या उन्हाळ्यात? तिला बी.

आन् येक सांगतो. सांगू नये असं वाटत हुतं, पण तुला कळाया पायजे.

डोळं दिसत न्हवतं, म्हणून ती हातानं चाचपायची. घोंगडं चाचपायची, मग माझा हात घावला की धरायची. म्हणायची, "मामा, हायसा न्हवं?"

मी म्हणायचो, "हाय की. मरतोय कशाला."

जरा येळ जायचा, परत, "मामा, हायसा का?"

"हाय."

बेसुद पडंपतोर पोरीनं हेच इचारलं. पाणी मागितलं न्हाय, तुला बोलवा म्हणाली न्हाय. माझीच चौकशी. दात निघालाय न्हवं, मग मामा हाय का गेला, येवढंच. मी चावीच्या बाहुल्यावानी हाय हाय म्हणत बसलो. तुझीच पोर. तू शिकवलंस तेच तिनं केलं, आन् ह्यात मी तुला बोल लावत न्हाय. मया काय तोलून मापून करता येत न्हाय माणसाला. पण मायाक्का, माझ्या जिवासाठी दोन बायका झुरल्या आन् मला त्याचा पत्ता न्हवता. मी हितं दरवाज्यावर उभा ऱ्हाऊन लोकांस्नी शिव्या देत हुतो.

सकाळची येळ हुती. मिलचा भोंगा होऊन गेला हुता.

रीतीपरमानं समदं केलं. मिलमधली माणसं आली, आमच्या चाळीतल्या ईरम्मानं अंगोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. सरोजिनीबाई सुटी काढून आली आन् रडाया लागली, तवा मी तिला दटावलं. म्हणलं, रोज माणसं मरत्यात तुमच्यात, हितं कशाला रडता. मग मला वाईट वाटलं. तिनं माझी चंची आणून दिली. तंबाखूवर मन लागत न्हाय.

आता नीट ऐक. मास्तर, सावकाश वाचा.

बारक्याला चार म्हैन्यांनी दात यील. खालचा आधी आला तर बरं. वरचा आला तरी बरंच. यिऊ दे. देवऋषी दारात आला तर पाणी दे, भाकरी दे, आन् वाटंला लाव. भांडू नकोस. दोरा मातर घेऊ नकोस. घेतलास आन् मला कळलं, तर तुझ्या दाराला माझं पाऊल लागणार न्हाय. मग भाऊ जिता काय आन् मेला काय, तुला सारकाच.

आन् लेकराचं काय बी दुखलं, सुजलं, आंबलं, तर पदराखाली झाकायचं न्हाय. त्याच दिशी मला कार्ड टाकायचं. मास्तरास्नी तरास पडंल, पण ते लिवत्याल.

ज्ञानबाला सांगावा उशिरा पोचला. त्यो परवा हितं आला, मेंढरांच्या धुळीत माखलेला, तसाच. त्याला मी सांगितलं, हाडात पिशवी हुती, आत पू झाला, डाक्टरच्या हाताला यश आलं न्हाय. तेवढंच. दोऱ्याचं काय सांगितलं न्हाय. तू बी सांगू नकोस. त्यो साधा माणूस हाय, त्याच्या मनात एकदा शिरलं की जल्मभर निघायचं न्हाय, आन् तुमाला त्या एकाच घरात ऱ्हायाचं हाय. त्यो दवाखान्याच्या पायरीवर बसून ऱ्हायला, आत गेलाच न्हाय. म्हणाला, "पाव्हणं, कुठली खाट?" मी खिडकी दावली. बघितलं आन् उठला. उद्या गावाकडं निघंल. त्याला जेवाय घाल, प्रश्न इचारू नकोस.

ऱ्हायलं एक.

मास्तरांच्या पत्रात अगदी तळाला तू इचारलंयस, दादा, दोन वर्सं आधी धाडली असती तर पोर वाचली असती का. मास्तरांनी ते बारीक अक्षरात लिवलंय, मला दिसू नये असं. दिसलं.

हेच मी डाक्टरला इचारलं हुतं, त्या दिशी व्हरांड्यात. त्यानं आडपडदा ठेवला न्हाय, सरळ सांगितलं. त्याचं उत्तर माझ्यापाशी हाय. खोटं बोलाय मला जमत न्हाय, हे तू ल्हानपणापासनं बघितलंयस. आन् खरं मी लिवणार न्हाय.

परत इचारू नकोस. पत्रातनं नगं, समोर बसून नगं, मी मराया टेकलो तरी नगं. ह्याच्यावर मी बोलणार न्हाय.

तुझा दादा
बिरप्पा